टाय बांधून पाठवलेली आमंत्रणं

ई-मेल पाठवल्यावर तो पोचला की नाही हे विचारायला फोन करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्या माणसाचा धंदाच ई-मेल पाठवण्याचा होता.

"मेल धाडलाय. पोचला काय?" अंकल विचारायचे. पलीकडचा माणूस बसमध्ये असायचा, नाहीतर दवाखान्याच्या रांगेत. घरी गेल्यावर बघतो, असं तो म्हणायचा. "बघ हां. बघून मला फोन कर," असं बजावून अंकल पुढचा नंबर फिरवायचे. यादी लांबलचक, सगळ्यांना फोन करणं शक्यच नव्हतं, आणि याचं त्यांना मनापासून वाईट वाटे.

इस्राएलमधल्या पेताह तिक्वाला गाद्यांच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. नव्या शतकाची ती पहिली वर्षं. लग्नाचे हॉल, मिठाईवाले, सहली काढणारे अशी लहान गिऱ्हाइकं आम्हाला जाहिरात द्यायची आणि आम्ही ती लोकांच्या मेलबॉक्सात टाकायचो. गिऱ्हाइकं बहुतेक आमच्या बेने इस्राएल लोकांतलीच, म्हणजे कोकणातले ज्यू, तिथून मुंबईला आणि मुंबईहून इकडे आलेले. मालक अंकल, आणि त्यांच्या हाताखाली मी एकटी. मी ठाण्याची, चौदाव्या वर्षी आईवडिलांबरोबर इकडे आले. इथल्या रीतीप्रमाणे सैन्यात गेले आणि तिथे कॉम्प्युटर शिकून बाहेर पडले. अंकल नात्याने माझे कोणी नव्हते, पण मुंबईकडच्या मोठ्या माणसाला अंकल म्हटलं की नातं जोडायचं काम संपतं.

मुंबईत ते लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये होते. इकडे आल्यावर फ्रीजची दारं बनवणाऱ्या कारखान्यात वर्षं काढली, आणि निवृत्त झाल्यावर घरात बसायचं सोडून हा धंदा काढला. "पत्रिका छापणं येतं, वाटणं येतं. दुसरं काय लागतं?" असं ते मला मुलाखतीत म्हणाले होते. मुलाखत त्यांनीच दिली, मी फक्त ऐकत होते.

मेल पाठवायची त्यांची एक पद्धत होती. ऑफिसात ते चपला आणि अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसत. पण 'सेंड'चं बटण दाबायची वेळ आली की उठायचे, खुर्चीच्या पाठीवर टांगलेला मरून रंगाचा टाय बांधायचे, बूट चढवायचे, कंगवा फिरवायचे आणि मग उभ्यानेच बटण दाबायचे. ज्या देशात नवरामुलगासुद्धा टाय बांधायला कुरकुरतो, त्या देशात हे चालायचं. मी एकदा हसले.

"आमंत्रण करायला माणूस लेंग्यावर जातो काय?" ते म्हणाले. "आणि दार उघडलं तेव्हा आपण बसलेले असतो काय?"

दाराच्या चौकटीवरच्या मझुझाला, म्हणजे पवित्र वचनं ठेवलेल्या डबीला, बोटं लावून ती ओठांना लावायची आमच्यात रीत आहे. अंकल तीच बोटं मग राउटरलाही लावत. मला ते पटत नसे, पण खरं सांगायचं तर आमचा राउटर कधी बिघडला नाही.

त्यांच्या जाहिराती पत्रिकेसारख्याच दिसत. लालभडक पार्श्वभूमी, सोनेरी वेलबुट्टी, वर हिब्रू, खाली मराठी, आणि प्रत्येक ओळीनंतर उद्गारचिन्हांची माळ. अक्षरांची जुळणी मशीनवर सोपवायला त्यांचा जीव होत नसे, म्हणून सबंध मजकुराचं एकच चित्र करून तेच पाठवायचं. मी कपाळाला हात लावायची.

"अंकल, मेल कंपन्यांच्या दारावर फिल्टर बसलेला असतो. त्याला चित्रातलं वाचता येत नाही. आत काय आहे ते कळलं नाही, की तो मेल सरळ कचऱ्यात टाकतो."

"वाचता येत नाय, तर त्याला दारावर बसवलान कशाला?"

स्पॅमच्या कप्प्याला इथे हिब्रूत 'दोआर झेवेल' म्हणतात, म्हणजे कचऱ्याचं टपाल. स्पॅम हा शब्द अंकलच्या डोक्यावरून जाई, पण झेवेल मात्र बरोबर कळे, आणि लागेही. आपण टाय बांधून केलेलं आमंत्रण कोणी झेवेल म्हणावं, हे त्यांना सहन होत नसे.

त्यांचा खरा नियम मात्र एकच होता. "गाळायचा नाय." यादीत एकदा आलेला माणूस यादीतून जायचा नाही. आमच्या लोकांत लग्नाचं काय, मलिद्याचं काय, आमंत्रण घरोघर जाऊन करायचं आणि एकही घर सुटू द्यायचं नाही. मलिदा म्हणजे एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने गोड पोहे, नारळ आणि फळांचं ताट मांडून म्हटलेली प्रार्थना. त्याला बोलवायचं कोणी विसरलं, तर ते घर पुढे दहा वर्षं रस्ता बदलून जातं. अंकलनी हाच नियम जसाच्या तसा कॉम्प्युटरला लावला. एखाद्याने वर्षानुवर्षं आमचा एकही मेल उघडला नसेल, तरी नाव कायम. एखाद्याचा पत्ता बंद पडून मेल परत येत असेल, तरी नाव कायम. "आज घरी नसेल. उद्या असेल," ते म्हणत.

मेलच्या तळाशी 'यादीतून माझं नाव काढा' अशी एक बारीक ओळ असते. बाकीच्या जगात तिचा अर्थ एवढाच, की मेल नको. अंकलच्या लेखी तिचा अर्थ होता, माणूस रुसला. आणि रुसलेल्या माणसाला मेलवर कसं समजावणार? त्याच्या घरी जायला हवं.

रामल्याच्या एका मावशींनी अशी ओळ दाबली तेव्हा अंकलनी घरून गव्हाच्या चिकाच्या हलव्याचा डबा आणला आणि मलाही बरोबर घेतलं. भर दुपारी, टायसकट. मावशींनी दार उघडलं आणि टायवाला माणूस बघून त्यांचा चेहराच उतरला. बँकेतून कोणी आलंय असं वाटलं असणार.

"काय चुकलं आमचं?" अंकलनी उंबऱ्यातूनच विचारलं.

"कोण तुम्ही?"

"तुम्ही नाव काढलंत ना आमच्या यादीतून."

"कसलं नाव? अहो, आत या आधी. उन्हात कशाला उभे?"

आत सोफ्यावर नात बसली होती. तिने मान वर न करता हिब्रूत निकाल दिला, "आजी रोज काहीतरी दाबत असते." मावशी लाजल्या. अक्षरं मोठी करायला गेले आणि भलतंच दाबलं गेलं, म्हणाल्या. मग आम्हाला माशाचं कालवण आणि भात जेवल्याशिवाय सोडलं नाही. मावशींचं नाव यादीत परत आलं आणि हलव्याचा डबा भरून परत आला.

"बघितलंस? राग नव्हता तिचा," परतीच्या आगगाडीत अंकल अगदी खुशीत होते.

माझी दुपार फुकट गेली होती आणि कामं पडली होती, म्हणून मी जरा फटकळपणे सांगितलं. "अंकल, खरंच वैतागलेली माणसं हे बटण दाबतच नाहीत. ती दुसरं दाबतात. 'हे स्पॅम आहे' म्हणून. ती तक्रार तुमच्याकडे येत नाही, मेल कंपनीकडे जाते. अशा बऱ्याच तक्रारी झाल्या, की कंपनी ठरवते हा पाठवणाराच बरा नव्हे. मग ज्यांना तुमचा मेल हवाय त्यांचाही कचऱ्यात जातो."

अंकलनी टायची गाठ सैल केली. एक स्टेशन गेलं.

"कोणी दाबलान?"

"नावं सांगत नाहीत ते."

"म्हंजे मी समजूत घालायला जायचं कोणाकडे?"

त्यांच्या चेहऱ्यावरची खुशी गेली ती गेलीच. मला उगाच बोलले असं झालं.

त्याच वर्षी ताईची गोष्ट झाली. ताई म्हणजे अंकलची थोरली बहीण. बेर्शेब्याला राहायची. आई लवकर गेली, म्हणून अंकलना तिनेच लहानाचं मोठं केलं होतं. त्यांचं गाव अलिबागजवळ, तेलाच्या घाण्याचं घर. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात आमच्या लोकांना शनवार तेली म्हणत. तिथून निघाल्यापासून ताईने गाव परत पाहिलेलं नव्हतं. आता तिचे गुडघे इतके गेले होते, की डॉक्टर म्हणाले, कुठे जायचं असेल तर याच हिवाळ्यात जाऊन या, नंतर प्रवास विसरा.

आमच्या एका गिऱ्हाइकाने नेमकी तेव्हाच कोकणची सहल काढली. चाकाची खुर्ची, गावागावांतून फिरणारी बस, सोबत नर्स. ताईला नेऊ शकेल अशी ही एकच सहल होती. पण वीस माणसं झाली तरच निघणार, नाहीतर रद्द. ताईने त्याच दिवशी बॅग भरून पलंगाखाली ठेवली आणि रोज संध्याकाळी ऑफिसात फोन सुरू केला. "किती झाले रे?"

अंकलनी टाय बांधून मेल पाठवला. दोन नावं आली. एक ताईचं आणि एक तिच्या शेजारणीचं. आठवड्याने परत पाठवला. काही नाही. मग ते एक दिवसाआड पाठवू लागले, आणि प्रत्येक वेळी उद्गारचिन्हं वाढवू लागले. फोन केलेल्यांपैकी जो तो म्हणे, "मेल? नाय बा आला."

शनिवारी मी आईकडे गेले होते. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, सुटल्यावर तिच्या कॉम्प्युटरवर सहज कचऱ्याचा कप्पा उघडला, आणि लागलेली लॉटरी आणि टकलावर केस उगवणारं तेल यांच्या मधोमध अंकलच्या लाल-सोनेरी पत्रिका एकाखाली एक पडलेल्या होत्या. प्रत्येकीवर ताईच्या गावाचं नाव. मला रडू आलं आणि रागही आला.

रविवारी सकाळी मी अंकलना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. चित्राचं सांगितलं, उद्गारचिन्हांचं सांगितलं, न उघडणाऱ्या माणसांचं सांगितलं. शेवटी सगळ्यात अवघड होतं ते सांगितलं. आमच्या यादीत वारलेली माणसं होती. कोणाचं तरी नाव आलं की अंकल स्वतःच म्हणायचे, "बिचारा गेला," पण नाव काढायचे नाहीत.

"मेलेल्या माणसाचा मेलबॉक्स कोणी उघडत नाही. मग कंपनी तो बंद करते. काही महिने त्यावरचे मेल परत येतात. आणि मग कधीकधी कंपनी तोच पत्ता गुपचूप पुन्हा चालू करते, सापळा म्हणून. त्यावर अजूनही मेल पाठवतो तो कोण? आपली यादी न बघता पाठवणारा. म्हणजे स्पॅमवाला."

अंकलनी विचारलं, "म्हंजे आमच्या मेलेल्या माणसांना चौकीवर बसवलान?"

"असंच समजा."

"आणि ती माझ्याच अंगावर सोडलान?"

मी सांगितलं, ही नावं काढूया, न उघडणाऱ्यांची काढूया, थोड्याच लोकांना साधा मजकूर पाठवूया, म्हणजे हळूहळू पत बसेल. ते उठून खिडकीशी गेले. "आयक गो. आमंत्रणाच्या यादीतून मी माणूस गाळलेला नाय. जित्याला गाळला नाय, मेल्याला कसा गाळू?"

संध्याकाळी ताईचा फोन आला. "किती झाले रे?" अंकल म्हणाले, "होतायत." मी पहिल्यांदाच त्यांना खोटं बोलताना ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले ते टाय बांधूनच. म्हणाले, गाडी काढ. माझी गाडी म्हणजे जेमतेम डबी, तिला थंड हवा माहीत नव्हती, आणि दिवस ऑगस्टचे. त्या डबीतून आम्ही पुढचे दिवस लोद, रामले, बेर्शेबा, दिमोना करत हिंडलो. मेल पाठवणारी कंपनी मेल पोचवायला घरोघर चाललीय, असं ऐकलं असतं तर मीच हसले असते. अंकल दार वाजवायचे, चौकशी करायचे, चहा घ्यायचे आणि मग म्हणायचे, "कॉम्प्युटर लाव. तुझा झेवेल उघड. माझं आमंत्रण कचऱ्यात पडलंय. तुझ्या हातानं उचल."

लोक ओशाळायचे. कुणाचा मुलगा हिब्रूत विचारायचा, हा माणूस काय विकतोय? आई त्याला गप्प करायची. मग 'हे स्पॅम नाही' हे बटण दाबलं जायचं, अंकलचा पत्ता ओळखीच्यांत घातला जायचा, आणि मी त्यांच्याकडून मेललाच उत्तर लिहून घ्यायची. येतो किंवा येत नाही, काहीही, पण एक ओळ हवी. फिल्टरला माणसांच्या उत्तरांइतका दुसरा कशाचा भरवसा वाटत नाही, हे मला माहीत होतं. अंकलना ते माहीत नव्हतं, त्यांना फक्त आमंत्रणाला उत्तर द्यायची रीत माहीत होती.

दिमोन्यात एका गृहस्थांनी मात्र स्पष्ट सांगितलं, "दादा, राग मानू नका. ते बटण मीच दाबलं. आठवड्याला तीन-तीन मेल! तुमचा कंटाळा नाय, मेलांचा येतो."

मी उठायला पर्स उचलली. अंकलच्या चेहऱ्यावर मात्र चक्क समाधान पसरलं. एवढे दिवस ज्याला शोधत होते तो सापडला होता. "मंग सणालाच धाडू?" त्यांनी विचारलं.

"सणाला धाडा की. सणाला वाट बघीन."

त्या दिवसापासून आमच्याकडे सणापुरत्या माणसांची वेगळी यादी झाली. मी दोन वर्षं हेच सांगत होते, पण ते असो.

वारलेल्यांच्या घरीही ते गेले. तिथे कॉम्प्युटर उघडला नाही. फोटोसमोर जरा बसायचे आणि घरच्यांना विचारायचे, "यांचं नाव मेलाच्या यादीत आहे. काढू का?" कोणी डोळे पुसत, कोणी हसत. जवळपास सगळेच म्हणत, काढा, आणि माझं घाला. पण परवानगी मिळाली म्हणून अंकलनी लगेच काढू दिलं नाही. शब्बाथला सिनेगॉगमध्ये त्यांनी एकेक नाव घेऊन हश्काबा, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणवून घेतली. रविवारी माझ्याजवळ येऊन बसले.

"आता काढ," म्हणाले. "एका यादीतून दुसऱ्या यादीत गेले ते. गाळले नाय."

मी एकेक नाव पुसत गेले आणि ते शेजारी बसून प्रत्येक नावाला मान हलवत राहिले. डेटाबेस साफ करण्याचं काम मी त्यानंतर किती कंपन्यांत केलं असेल, पण तेव्हासारखं मन कधी भरून आलं नाही.

मग नवा मेल गेला. चित्र नाही, सोनेरी वेलबुट्टी नाही, चार ओळींचा साधा मजकूर आणि खाली अंकलचं नाव. त्यांनी एका उद्गारचिन्हासाठी हुज्जत घातली, ते मी ठेवलं. टाय बांधला, बूट घातले, उभ्याने बटण दाबलं. सवयीने फोनकडे हात गेला, पण त्याआधीच फोन वाजला. रामल्याच्या मावशी होत्या. "मेल पोचला हो," म्हणाल्या. "माझं नाव घाला सहलीत. नातीचं पण घाला, ती नको म्हणतेय तरी."

संध्याकाळी ताईने विचारलं, किती झाले रे, तेव्हा अंकलनी खरा आकडा सांगितला. सणांच्या सुट्ट्या पडायच्या आत वीस होऊन वर चार झाले.

सुक्कोथचा सण उलटल्यावर ताई सहलीला निघाली. विमानतळावर तिने अंकलचा टाय सरळ केला आणि म्हणाली, "पोचले की मेल धाडीन." तिने जन्मात कधी मेल पाठवलेला नव्हता.

आठवडाभराने ऑफिसात फोन आला. लाइन खरखरत होती. अलिबागहून ताई ओरडून बोलत होती.

"मेल धाडलाय. पोचला काय?"

"काय लिहिलंस? बरी आहेस ना?"

"फोनवर कशाला सांगू? लिहिलंय ना सगळं. वाच." आणि फोन ठेवला. बहीणभावंडं एकाच मातीची होती.

अंकलच्या मेलबॉक्समध्ये काही नव्हतं. आम्ही वाट पाहिली, परत पाहिलं. अंकल कासावीस झाले, हरवला म्हणाले. मग माझ्या डोक्यात आलं आणि मी त्यांचा कचऱ्याचा कप्पा उघडला. अर्ध्या इस्राएलचे झेवेल उपसून आलेल्या या माणसाने स्वतःचा कधी उघडलाच नव्हता. ताईचा मेल तिथेच होता. सायबर कॅफेवाल्याने तिला नवाकोरा पत्ता काढून दिला होता, नुसत्या आकड्यांचा, आणि विषयाच्या जागी इंग्रजीत ठोकून दिलं होतं, 'व्हेरी अर्जंट'. कुठल्याही फिल्टरने हाकललाच असता. मजकूर मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. मी मोठ्याने वाचला.

"भावा, सुखरूप पोचले. गुडघे बरे आहेत. आपलं घर नाय राहिलं. जोतं आहे. त्याच्यावर शेजारची मिरच्या वाळवते. तिने मला ओळखलं नाय, पण शनवार तेल्यांची म्हटल्यावर हाताला धरून नेलंन. ती सांगते, गावात लग्न निघालं की शनवार तेल्यांच्या जोत्यावर अक्षता ठेवायच्याच, असं तिच्या सासूनं घालून दिलंय. आपण गेल्यापासून ठेवतात. उचलायला कोणी नाय, चिमण्या खातात. या महिन्यात तिच्या पोरीचं लग्न आहे. जोत्यावर अक्षता होत्या. मी उचलल्या. आपल्याला आमंत्रण आहे."

अंकलचे डोळे वाहत होते आणि ते पुसत नव्हते. मलाही पुढचं दिसेना. खाली गाद्यांच्या दुकानात कोणीतरी भाव करत होतं, ते ऐकू येत होतं.

मग त्यांनी माउस स्वतःच्या हातात घेतला आणि 'हे स्पॅम नाही' दाबलं. खुर्चीच्या पाठीवरचा टाय काढून बांधला. बूट घातले, केसांवर कंगवा फिरवला आणि माझ्या शेजारी ताठ उभे राहिले.

"लिही गो," म्हणाले. "पोचलं म्हणून लिही."